सुनंदाची होया

दिवेलागणीच्या सुमारास जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या घरातल्या मागच्या गॅलरीत एक वास उतरू लागतो. आधी तो आहे की नाही हेच कळत नाही. शेजारच्या कुकरची वाफ, गल्लीतल्या गाड्यावर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा खमंग दर्प, दिवसभर तापलेल्या गच्चीतून सुटणारी कोरडी ऊब, या सगळ्यांच्या मागे तो बुजऱ्या पाहुण्यासारखा उभा असतो. मग खालच्या कापडदुकानाचं शटर खडखडत खाली येतं, वाऱ्याला जरा वाट मिळते, आणि तो बघता बघता घरभर होतो. मधाचा म्हणावा, तर त्यात किंचित जायफळ आहे. दुधाचा म्हणावा, तर ते दूध आटत आलेलं आहे. दिवसा कितीही नाक खुपसा, तो नीटसा सापडत नाही. सूर्य कलल्याशिवाय तो आपलं अस्तित्व कबूलच करत नाही.

ज्या फुलांचा तो वास, त्यांच्याकडे मी पुष्कळदा दिवा न लावता पाहत बसते. मुठीएवढा एक गोल झुबका, त्यात दाटीवाटीने बसलेल्या पांढुरक्या गुलाबी चांदण्या, प्रत्येक चांदणीच्या पोटात आणखी एक लहानशी तांबूस चांदणी, आणि त्या सगळ्यांवर मेणाची मंद तकाकी. बोट लावलं तर गार आणि जाड लागतात. खरी फुलं वाटतच नाहीत. अंधार पडला की त्यांच्या टोकांशी मधाचे थेंब जमतात आणि फरशीवर पडून चिकट डाग करतात. ते डाग मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते, आणि पुसता पुसता या वेलीचा हेवा करते. झाडाचा हेवा करणारी बाई तुम्हाला हास्यास्पद वाटेल. मलाही वाटते, पण फुलं नसतात तेव्हा.

वेलीचं नाव होया. ती लावली सुनंदाने. सुनंदा म्हणजे केतकीची आई, केतकीच्या बाबांची पहिली पत्नी. दुसरी मी. सुनंदा आजारपणात गेली तेव्हा केतकी जेमतेम तीन वर्षांची होती, आणि मी या घरात आले तेव्हा ती नुकतीच पहिलीत बसली होती. माझं माहेर शहागडचं. गोदावरीच्या काठी, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात आम्ही लहानाचे मोठे झालो. वडलांचं दुखणं, धाकट्यांची शिक्षणं यांत माझं लग्नाचं वय हळूहळू मागे पडत गेलं, आणि शेवटी बिजवराचं स्थळ आलं तेव्हा घरात कुणी नाक मुरडण्याच्या परिस्थितीत नव्हतं. मीही नव्हते. माणूस सज्जन होता, इथल्याच एका शाळेत मला मराठी शिकवायची नोकरी मिळत होती, आणि एक लहान मुलगी होती. मुलगी आहे हे ऐकून मला बरंच वाटलं होतं, हे आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

पहिल्या दिवशी मला घर दाखवण्यात आलं. बैठकीच्या खोलीत सुनंदाचा फोटो होता, हार घातलेला. फोटोचं मला काही वाटलं नाही, कारण त्याची तयारी मी मनाशी करून आले होते. आणि फोटो वाढत नाही, त्याला नवी पानं फुटत नाहीत. मग सासूबाई मला मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे जाळीच्या आधाराने एक वेल चढलेली होती, जाडजूड, गडद हिरव्या पानांची, धुळीने माखलेली आणि तरीही जिवंत. सासूबाईंनी तिच्या एका पानावरून बोट फिरवलं, बोटाच्या वाटेपुरतं पान लखलखलं, आणि त्या म्हणाल्या, "सुनंदाची हे. एवढी जप." त्या घरातली एवढी एकच वस्तू मला जपायला म्हणून सोपवली गेली, बाकी सगळं नुसतं वापरायला होतं. केतकी दाराआडून बघत होती. तिला आधीच शिकवून ठेवलेलं होतं की मला मावशी म्हणायचं. दुसरेपणावर आलेल्या बाईला मुलांनी मावशी म्हणायचं, हे आमच्याकडे इतकं सरळ आहे की त्यात कुणाला काही वाटायचं कारण नाही. मलाही नाहीच वाटलं, निदान पहिले काही दिवस.

माझ्या मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या शेजारी सुनंदाचा चांदीचा इवलासा टाक ओवलेला आहे. आधीच्या सवाष्णीचा मान म्हणून दुसरीने तो गळ्यात वागवायचा, ही या घरची रीत. शिवाय दर भाद्रपदात अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रियांच्या तिथीला, मी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालते. सासूबाई होत्या तोवर दर वर्षी नव्याने सांगायच्या, की सुनंदाला पुरण बेताचंच गोड लागायचं, सुनंदाच्या हातची कटाची आमटी गल्लीत वास सोडायची, सुनंदा पोळी लाटायची तर कशी फुलक्यासारखी. मी ऐकायची आणि गूळ कमी घालायची. माझ्या घशातून उतरणाऱ्या पुरणालाही तिच्या जिभेचं माप लागलेलं होतं. मी इतकी मोठ्या मनाची नाही, की त्या पुरणाचा घास घेताना माझ्या पोटात काही दुखत नसेल. दुखायचं, चांगलं दुखायचं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचं काही चुकत नाही, त्याला म्हातारपण येत नाही. सवत जिवंत असती तर निदान तिच्या केसात पांढरं दिसलं असतं.

मग मी माझा सगळा राग वेलीवर काढला, पण घराला दिसणार नाही अशा बेताने. जालन्यात पाणी जपून वापरणं हा माणसाचा स्वभावच होऊन बसतो. नळ यायचा दिवस म्हणजे सणच; सारी गल्ली हंडे, बादल्या, पिंपं घेऊन धावते, आणि पुढच्या नळापर्यंत प्रत्येक तांब्याचा हिशेब मनात चालू राहतो. त्यात झाडांचा नंबर शेवटचा. त्या शेवटच्यांतही मी होयाचा नंबर शेवटचा लावला. तुळशीला पाणी, मोगऱ्याला पाणी, कढीपत्त्याला तांदूळ धुतलेलं पाणी, आणि काही उरलं तर होयाला चूळभर. कुंडी लहान पडत होती, मुळं काठाशी येऊन दिसू लागली होती. मी कुंडी बदलली नाही. आणि मेली तर माझ्यावर बोल येईल म्हणून अगदी मरूही दिलं नाही. सावत्र माणसाची काळजी अशीच असते, नाव ठेवायला जागा नाही आणि मायेला थारा नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या कोरड्या, आवळलेल्या, उपेक्षित वेलीला फूल आलं. आधी एका पेरापाशी एक आखूड दांडी फुटली, तिच्या टोकाला बारीक बारीक गाठी धरल्या, गाठींच्या कळ्या झाल्या. मी त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपून पाहिलं आणि फोटोच्या दिशेने हात जोडले. केतकीच्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "फुलत असंल दर वर्षी. सुनंदाचंच ध्यान असायचं तिकडं. मला काय समजतं त्यातलं!" शेजारच्या कौसल्याकाकू मुद्दाम बघायला आल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "सुनंदाचा हात लई गुणाचा होता, बाई. वाळलं लाकूड खोवलं तरी फुटायचं. बघा न, ती गेली तरी तिची वेल फुलूनच राह्यली." मी त्यांना चहा करून दिला. चहात साखर जरा जास्तच पडली असेल, कारण मनात फार कडू आलं होतं.

त्याच फुलांच्या दिवसांतली एक संध्याकाळ आहे. तेव्हा लोडशेडिंग असायचं. सात वाजले की गल्लीच्या गल्ली एका फटक्यात विझून जायची आणि क्षणभर सगळीकडून लहान मुलांचा ओरडा उठायचा. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. अंधार झाला तशी विळी आडवी करून, हात कसेबसे धुऊन मागच्या गॅलरीत आले, तर केतकी तिथे टाचा उंच करून उभी होती. तो वास तिला ओढत होता आणि फूल तिच्या हाताला लागत नव्हतं. मला मुलं कडेवर घ्यायची सवय धाकट्या भावंडांमुळे होतीच. मी काही न बोलता तिला उचललं. सात वर्षांची पोर, पण काडीसारखी हलकी. एरवी मी जवळ गेले की अंग चोरून बाजूला होणारी ती मुलगी त्या अंधारात माझ्या कमरेला पाय आवळून बसली. मी तिचं बोट धरून फुलाच्या टोकाशी नेलं, मधाचा थेंब त्यावर उतरवला, आणि तिच्याच तोंडाशी धरला. तिने तो चाटला. मग दुसरा, मग तिसरा. चाटून झालं की तिचं डोकं माझ्या खांद्यावर विसावायचं आणि पुन्हा वर यायचं. काही वेळाने लाइट आली, गल्लीभर आनंदाचा आरडाओरडा झाला, आणि ती चटकन उतरून टीव्हीकडे पळाली. मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. माझ्या ब्लाउजच्या खांद्यावर मधाचा चिकट ठिपका होता. तो मी लगेच धुतला नाही.

त्या दिवसापासून मी वेलीला बरी वागवू लागले. पण सवयी माहेरच्या. आमच्याकडे तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या खुडायच्या असतात, म्हणजे तिचा भार उतरतो, तिला पुन्हा घुमारे फुटतात. मोगराही छाटला की बहरतो. होयाची फुलं गळाली आणि मागे उघडीबोडकी दांडी राहिली तेव्हा मी ती त्याच मायेने खुडून टाकली. दांडीतून पांढरं दूध आलं. दुसऱ्या टोकाला मागून फुटलेल्या दांडीकडे हात नेत होते, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली आणि ती राहून गेली. पुढच्या उन्हाळ्यात नेमकी त्याच राहिलेल्या दांडीवर फुलं आली, आणि मला कळलं की होया आपली जुनी दांडी सोडत नाही. जिथे एकदा फुलली तिथेच पुन्हा पुन्हा फुलत राहते. हे समजल्यावर माझ्या हेव्याला नवं खाद्य मिळालं. म्हणजे या घरात फुलायच्या जागासुद्धा आधीच ठरून गेल्या आहेत, असं मला वाटलं.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मी होयाची पानं पुसली, पिठ्या कीड पडली तेव्हा निंबोळीच्या तेलाने पान न् पान चोळलं, एप्रिलच्या भट्टीत तिच्यासाठी जुन्या साडीचा पडदा बांधला. कुंडी हलवायची नाही, कळ्या धरल्या की दिशा बदलायची नाही, पाणी माती सुकल्याशिवाय घालायचं नाही, हे सगळं मी चुकत चुकत शिकले. आणि दर उन्हाळ्यात येणारा जाणारा म्हणत राहिला, की सुनंदाचा हात गुणाचा. मी घाम गाळावा आणि श्रेय फोटोने घ्यावं. असं म्हणतात ना, की करायचं एकीनं आणि नाव दुसरीचं. माझ्याकडे तर ती दुसरी मीच होते आणि नाव पहिलीचं होतं.

केतकी कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, मागच्या गॅलरीत चटईवर बसून त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, वर होया फुललेली होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन जात होते आणि दारातच थबकले. केतकी सांगत होती, "माझ्या आईची हे ही वेल. मला आईचं दुसरं काहीच आठवत न्हाई, पण एक बिलकुल पक्कं आठवतं. लाइट गेल्ती. आईनं मला कडेवर घेतलं आन् या फुलाचा मध माझ्या बोटावर घेऊन मला चाटवला. अंधार होता, तिचं तोंड न्हाई दिसलं. पण वास हाच होता."  एका मैत्रिणीने तिचा हात धरला.

मी बशा तिथेच ठेवून आत आले. आत येऊन काय केलं ते आठवत नाही. बहुधा ओटा पुसला, कारण राग आला की मी ओटा पुसते. तो राग साधा नव्हता. इतकी वर्षं तिची आमटी, तिचं पुरण, तिचा हात, तिची वेल, सगळं मी सोसलं होतं. पण ती संध्याकाळ माझी होती. माझ्या आख्ख्या मावशीपणात एकदाच ती पोर आपणहून माझ्या खांद्यावर डोकं टेकून राहिली होती, आणि तेवढं एक सुनंदाने नेलं. फोटोतून हात लांब करून नेलं. मी त्या संध्याकाळी फोटोचा हार बदलला नाही, नवा आणलेला तसाच पिशवीत राहू दिला. दुसऱ्या दिवशी मात्र मनाला समजावलं, की असेलही तसं. वेल तेव्हाही फुलत असेल, लाइट तेव्हाही जात असेल, आणि आई म्हटली की लेकराला कडेवर घेणारच. एकच गोष्ट दोघींच्या हातून घडू नये असं थोडंच आहे! ही समजूत मी पुढे बरीच वर्षं वापरली. ती कधीच पुरेशी ऊबदार नव्हती, पण अंग झाकण्यापुरती होती.

यंदाच्या नवमीला सवाष्ण म्हणून मीनाताई आल्या. सुनंदाची जिवलग मैत्रीण. दोघी एका शाळेत शिक्षिका होत्या. सुनंदाच्या जाण्यानंतर मीनाताईंच्या यजमानांची नांदेडला बदली झाली आणि त्यांचं इकडचं येणं संपलं. आता निवृत्त होऊन त्या जालन्यात परतल्या होत्या. केतकीच्या बाबांनी त्यांना बोलावलं. केतकी घरी नव्हती. तिला पुण्यात नोकरी लागली होती, चार दिवसांत निघायचं होतं, म्हणून बॅगा आणायला बाजारात गेली होती. मीनाताई जेवल्या, मी ओटीची तयारी करत होते, आणि हात धुवायला म्हणून त्या मागच्या गॅलरीत गेल्या. पावसाळा सरत आला होता तरी होयावर शेवटचे दोन झुबके होते.

"अगंबाई! फुलली का ही?" त्यांचा आवाज इतका बदलला की मी हातातलं ताट घेऊन तशीच धावले. त्या जाळीला धरून उभ्या होत्या.

"दर वर्षीच फुलते," मी म्हटलं. "सुनंदाताईंच्या वेळेपासून."

"सुनंदाच्या वेळी? छे गं! सुनंदाच्या वेळी कुठं फुलली ही?" त्या हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मीच तिला फांदी दिल्ती, बंगळुरूहून आणलेली. माझी दोन वर्षांत फुलली, हिची काही फुलंना. मंग काय, नुस्ती जळायची माझ्यावर! उन्हाळ्यात माझ्या घरी यायची, फुलाकडं बघायची आन् दोन दिस शाळेत माझ्याशी बोलायची न्हाई. रोज पाणी काय घालायची, दर महिन्याला कुंडी काय बदलायची, ऊन आलं की इकडं सरकव, गेलं की तिकडं सरकव. मी म्हणायची, अगं, तिला जरा एकटं सोड, एका जागी आवळून बसू दे. पण सुनंदाला धीर कुठला! दवाखान्यात होती न, तेव्हाही मला विचारलं तिनं, घरी गेल्तीस का, फुलली का. मी म्हणलं, येईल गं. न्हाई आली. वाट बघतच गेली बिचारी."

मी ताट खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर मी या घरात आले तो दिवस उभा राहिला, धुळीने माखलेली ती वेल, तिची नुसती पानंच पानं. एकही जुनी दांडी नव्हती तिच्यावर. तेव्हा मला काय बघायचं हेच ठाऊक नव्हतं. पहिली दांडी फुटली ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातच्या चूळभर पाण्यावर. आणि तेही माझ्या मायेने नव्हे, माझ्या हेव्याने. सुनंदाने वेलीला जीव लावून हैराण केलं होतं आणि मी तिला जळफळून एकटं सोडलं होतं, आणि होयाला नेमकं तेच हवं होतं. गुणाचा हात दोघींपैकी कुणाचाच नव्हता.

मीनाताई गेल्यावर मी बैठकीच्या खोलीत येऊन फोटोसमोर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या फोटोत एक बाई दिसली. मैत्रिणीच्या फुलाकडे बघून तोंड फुगवणारी, रुसणारी, धीर नसलेली, माझ्याच जातकुळीची बाई. ती असती तर आमचं जमलं असतं की नाही सांगता येत नाही. पण एकमेकींचा हेवा आम्ही अगदी मन लावून केला असता. तिला मी मनात म्हटलं, तुझी वेल माझ्याकडे फुलली, आता तू जळ. आणि म्हटल्याबरोबर मला रडू आलं.

पण त्याच्या पाठोपाठ दुसरं कळलं, आणि मी एकदम ताठ झाले. वेल सुनंदाच्या वेळी फुललीच नव्हती, तर अंधारातला तो मध केतकीला दुसऱ्या कुणी चाटवलेला असूच शकत नव्हता. ती मीच. आता त्यात समजूत घालायला जागा उरली नव्हती. संध्याकाळी केतकी येईल, मी तिला मीनाताईंचं बोलणं सांगेन, एवढंच करायचं होतं. एक वाक्य, आणि माझी संध्याकाळ मला परत मिळणार होती. दुपारभर मी ते वाक्य जुळवत होते. शाळेत मुलांना निबंधाची सुरुवात जमत नाही म्हणून रागावते, आणि माझी स्वतःची सुरुवात जमत नव्हती.

केतकी आली ती दमून, आणि सरळ गॅलरीत जाऊन फरशीवर बसली. "मावशी, मला हिची एक फांदी दे न. पुण्याला नेते." मी कात्री आणली, दोन-तीन पेरांचा तुकडा कापला. कापल्या जागी दूध आलं, ते सुकू द्यायचं असतं म्हणून तो वर्तमानपत्रावर ठेवला. वास हळूहळू उतरू लागला होता. मी तिला सांगितलं की माती भुसभुशीत घे, कुंडी लहान घे, पाणी कमी घाल आणि मुख्य म्हणजे फार जपू नकोस. ती ऐकत होती आणि वर बघत होती. मग म्हणाली, "खरं सांगू का, माझ्याजवळ आईचं एवढंच हे. फोटोतली आई मला फोटोच वाटते. पण त्या अंधारातली आई मला बराबर आठवते. तिचा हात ओला होता, मावशी. त्याला कांद्याचा वास येऊन राह्यल्ता. एक शब्द बोलली न्हाई ती. नुस्तं धरून उभी होती."

मी बोलले नव्हते, कारण मला भीती वाटली होती. माझा आवाज ऐकला तर हिला कळेल की ही मावशी आहे, आणि ही उतरून जाईल, म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मलाच ते त्या क्षणी पुरतं आठवलं. जुळवलेलं वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं. मी तिच्याकडे पाहिलं. लेकरू म्हणून ती माझ्याकडे आली होती आणि आता बाई होऊन चालली होती, आणि बरोबर नेण्यासाठी तिच्याजवळ आईचं म्हणून काय होतं, तर एक ओला हात. तो हात सुनंदाचा नव्हता हे मी सिद्ध करू शकत होते. पण मग तिच्या हातात आईचं काय उरलं असतं?

आणि मग हेही ध्यानात आलं, की अंधारात तिला तोंड दिसलंच नव्हतं. दिसलं नव्हतं म्हणूनच त्या हाताला तिने स्वतःजवळचा सर्वांत मोठा शब्द दिला होता. ती मला आई म्हणत आली होती, इतकी वर्षं, मैत्रिणींना, स्वतःला, कदाचित झोपेतसुद्धा. फक्त मी समोर असताना नाही. सुनंदाचा हेवा करायला आता काही राहिलं नव्हतं. हेवा वाटला तो त्या कांद्याच्या हाताच्या बाईचा, जी कधीकाळी या गॅलरीत एवढीशी पोर कडेवर घेऊन उभी होती, आणि जिला सगळं मिळून गेलं होतं.

केतकीने गुडघ्यांवर हनुवटी टेकली. "काय विचार करत असंल गं ती तेव्हा?" तिने विचारलं.

"लाइट येऊ नये," मी म्हटलं, "असंच वाटून राह्यलं असंल तिला."